खोलीतील वाऱ्याचे गणित

गोवर झालेले मूल आम्हां बालरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षाकक्षातून निघून गेले, तरी त्याचे विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात. म्हणूनच दवाखाना बांधण्यापूर्वी हवेचा प्रवाह तपासणे मला अगत्याचे वाटते.

हे आता संगणकावर करता येते. खोलीचे लक्षावधी सूक्ष्म भाग कल्पून प्रत्येक भागातील हवेचा वेग, दाब व तापमान गणिताने काढतात. चीनमधील ग्वांगझू येथे २४ जानेवारी २०२० रोजी एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांत कोविडचे १० रुग्ण निघाले. पुढे संशोधकांनी त्या दालनाचे संगणकीय प्रतिरूप केले, तेव्हा वातानुकूलन यंत्राचा झोत त्याच टेबलांभोवती घुटमळत असल्याचे दिसले. ताजी हवा माणशी सेकंदाला जेमतेम १ लिटर होती.

इंदूरच्या उन्हाळ्यात खिडक्या बंद करून एसी लावणे आपल्याला भाग पडते. परंतु साधा स्प्लिट एसी हवा थंड करतो, बदलत नाही. यास्तव ताजी हवा कोठून येईल व दूषित हवा कोठून जाईल, हे नकाशावरच ठरवावे. खोकणाऱ्या बालकाची जागा हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याजवळ असावी. वास्तुविशारदाकडे आपण प्रकाशाचा आग्रह धरतो, तसाच वाऱ्याचाही धरू या.