हॉटेलातील जेवणावर पालिका कर लावू शकते का?

पर्यटन हंगामात शहरातील हॉटेले आणि खानावळी भरून जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मागच्या बाजूला कचऱ्याचे ढीगही तेवढेच वाढलेले असतात. तो कचरा उचलणे, गटारे साफ ठेवणे, रस्त्यावर दिवे लावणे आणि वाहनतळाची सोय करणे ही कामे पालिकेची. त्यांचा खर्च भागवताना पालिकेची नजर पहिल्यांदा जाते ती घरपट्टीकडे. साहजिकच नगरसेवकांपैकी कोणी तरी विचारतो, की येणारा पाहुणा एका जेवणावर हजार रुपये खर्च करतो, तर त्यातले पाच-दहा रुपये शहराला का मिळू नयेत? हॉटेलातील जेवणावर पालिकेनेच एक-दोन टक्के कर का बसवू नये?

प्रश्न रास्त आहे. कळंगुट पंचायतीने २०२४ मध्ये गावात येणाऱ्या पर्यटकांकडून कर घेण्याचा ठराव केला, त्यामागची भावना हीच होती. तथापि, जेवणावरील कराच्या बाबतीत कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. पालिकेला असा कर लावता येत नाही. राज्य सरकारने मनात आणले तरी ते पालिकेला हा अधिकार देऊ शकत नाही. असे का, आणि मग पालिकेच्या हाती उरते काय, हे नागरिकांनी समजून घेणे आवश्यक आहे. अन्यथा ठराव संमत होतो, टाळ्या पडतात आणि कचरा आहे तिथेच राहतो.

थाळीवर आज कोणता कर आहे?

हॉटेलातील जेवण ही वस्तू आणि सेवा कराच्या, म्हणजेच जीएसटीच्या कक्षेत येणारी सेवा आहे. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला तेव्हा वातानुकूलित उपाहारगृहांसाठी १८ टक्के आणि बिगरवातानुकूलित उपाहारगृहांसाठी १२ टक्के दर होता. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून बहुतेक सर्व उपाहारगृहांसाठी सरसकट ५ टक्के दर करण्यात आला. त्या बदल्यात मालकांची एक सवलत गेली. कच्चा माल, भाडे, उपकरणे यांवर भरलेला कर त्यांना आपल्या देय करातून वजा करता येत नाही. ज्या हॉटेलांत खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असते, तेथील उपाहारगृहांना मात्र १८ टक्के दर लागतो.

साधा हिशेब करू. दोनशे रुपयांच्या फिश थाळीवर ५ टक्के म्हणजे १० रुपये कर. त्यातील ५ रुपये केंद्राचे आणि ५ रुपये राज्याचे. ज्या पालिकेच्या हद्दीत ती थाळी वाढली गेली, तिच्या नावावर या १० रुपयांतला एकही रुपया थेट जमा होत नाही. थाळीबरोबर बिअर घेतली, तर तिच्यावर जीएसटी नाही. मानवी सेवनाचे मद्य या कराबाहेर ठेवलेले असून त्यावर उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर राज्य सरकार घेते. तेथेही पालिकेचा थेट वाटा नाही.

प्रत्येक खाण्याच्या ठिकाणी हा कर असतोच असेही नाही. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांहून कमी असलेल्या व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे रस्त्याकडेचे गाडे आणि भाजीपावाची छोटी दुकाने बहुधा या जाळ्याबाहेर राहतात. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या आणि मद्य न देणाऱ्या उपाहारगृहांना एकत्रित कर योजनेचा पर्याय असतो. ती उलाढालीच्या ५ टक्के रक्कम स्वतः भरतात आणि ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाहीत. गोव्यातील पुष्कळ छोटी उपाहारगृहे ‘बार अँड रेस्टॉरंट’ या प्रकारात मोडत असल्याने त्यांना हा पर्याय उपलब्ध नाही.

जेवणावरील कराचा जुना वाद

जेवणावर कर लावण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद आजचा नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने नॉर्दर्न इंडिया कॅटरर्स खटल्यात असा निर्णय दिला, की उपाहारगृहात ग्राहकाला जेवण वाढणे ही मुख्यतः सेवा आहे, पदार्थाची विक्री नव्हे, म्हणून राज्यांना त्यावर विक्रीकर लावता येणार नाही. राज्यांच्या उत्पन्नाला बसलेला हा धक्का दूर करण्यासाठी १९८२ मध्ये ४६वी घटनादुरुस्ती झाली. वाढलेले जेवण विक्री मानले जाईल, असे तिने ठरवले. पुढे २०११ मध्ये केंद्राने मद्य परवाना असलेल्या वातानुकूलित उपाहारगृहांवर सेवाकर बसवला. एकाच ताटावर राज्याचा विक्रीकर आणि केंद्राचा सेवाकर, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

२०१६च्या १०१व्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही कर एका करात विलीन केले. या साऱ्या प्रवासात ताटावरचा हक्क केंद्र आणि राज्य यांच्यात फिरत राहिला. पालिका त्या वाटपात कधीच प्रमुख वाटेकरी नव्हती.

पालिकेचे हात कोठे बांधलेले आहेत?

कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता वा वसूल करता येणार नाही, असे राज्यघटनेचा २६५वा अनुच्छेद सांगतो. १९९३ पासून अमलात असलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, परंतु कर लावण्याचा स्वयंभू अधिकार दिला नाही. २४३-एक्स या अनुच्छेदानुसार कोणते कर पालिकेने घ्यावेत, हे राज्य विधानसभा कायद्याने ठरवते. गोव्यातील १३ नगरपालिकांना १९६८चा गोवा नगरपालिका कायदा लागू आहे, तर पणजी महापालिकेसाठी २००२चा स्वतंत्र कायदा आहे. जे स्वतःकडे आहे, तेच राज्य पालिकेला देऊ शकते. जीएसटीनंतर जेवणावर स्वतंत्र कर लावण्याचा अधिकार राज्याकडेच उरलेला नाही. मग तो पालिकेकडे येणार कोठून?

जीएसटीने स्थानिक संस्थांची आणखीही काही दारे बंद केली. स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावरील कराची आणि जाहिरातींवरील कराची नोंद राज्यसूचीतून वगळण्यात आली. एक दार मात्र मुद्दाम उघडे ठेवले गेले. करमणूक कर स्थानिक संस्था लावत असतील, तर तो चालू शकतो. त्यासाठीही राज्याचा कायदा लागतो. तामिळनाडूने २०१७ मध्ये तसा कायदा केला. पण जेवण म्हणजे करमणूक नव्हे. हॉटेलात गाण्याचा कार्यक्रम सवेतन प्रवेशाने होत असेल, तर त्या प्रवेशमूल्याचा विचार होऊ शकेल, थाळीचा नाही.

महाबळेश्वर आणि माथेरान येथील नगरपालिका पर्यटकांकडून पैसे घेतात, त्याचे काय, असे येथे कोणी विचारील. ती आकारणी शहरात येणाऱ्या माणसावर वा वाहनावर असते, त्याने काय खाल्ले यावर नसते आणि तिला महाराष्ट्राच्या कायद्याचा आधार आहे. गोव्यात तसे करायचे असेल तर चर्चा पालिकेच्या सभागृहात नव्हे, विधानसभेत व्हावी लागेल.

अमेरिकेत हे कसे होते?

जेवणावरील स्थानिक कराची कल्पना मुळात हास्यास्पद नाही. अमेरिकेत ती रुळलेली आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००९ मध्ये गावांना आणि शहरांना हॉटेलातील जेवणावर ०.७५ टक्के स्थानिक कर स्वीकारण्याची मुभा दिली. राज्याचा ६.२५ टक्के कर आहेच, त्यात ही भर पडते. कर लावायचा की नाही, हे गावाने मतदानाने ठरवायचे. वसुली मात्र राज्याचे महसूल खाते करते आणि ज्या गावाचा पैसा त्या गावाला पाठवते. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराच्या परिषदेने २०१८ मध्ये जेवणावरील स्थानिक कर ६ टक्क्यांवरून ७.५ टक्के केला तो शाळांच्या इमारतींसाठी. उपाहारगृहांच्या मालकांनी त्याला विरोध केला होता.

या उदाहरणांत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. राज्याच्या कायद्याने तेथे स्थानिक संस्थेला अधिकार दिला, लोकप्रतिनिधींनी उघडपणे मतदान केले आणि पैसा कोठे जाणार हे लोकांना माहीत होते. आपल्याकडे पहिली गोष्ट घटनेच्या चौकटीत बसत नाही. उरलेल्या दोन गोष्टींना कोणीही आडकाठी केलेली नाही.

मग पालिकेच्या हाती काय आहे?

घरपट्टी, व्यापार परवान्याचे शुल्क, बाजारातील सोपो, फलक, वाहनतळ आणि कचरा शुल्क ही पालिकेची ओळखीची साधने. उपाहारगृहांच्या संदर्भात त्यांतील सर्वांत उपयोगी आहे कचरा शुल्क. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यांकडून वापर शुल्क घेण्याची तरतूद केली. हॉटेले आणि उपाहारगृहांनी कचरा जागेवरच वेगळा करावा आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करावी, असेही घालून दिले. दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना ‘मोठे निर्माते’ मानून त्यांच्यावर विशेष जबाबदारी टाकली.

येथे कर आणि शुल्क यांतील भेद महत्त्वाचा आहे. कर भरला म्हणून मोबदल्यात विशिष्ट सेवा मिळेलच असे नसते. शुल्क मात्र सेवेशी बांधलेले असते. १९५४ मधील शिरूर मठ खटल्यापासून न्यायालयांनी हा भेद वेळोवेळी सांगितला आहे. पै-पैचा मेळ घालण्याची अपेक्षा आता नसली, तरी शुल्क आणि सेवा यांत ढोबळ नाते असावेच लागते. त्यामुळे एखाद्या पालिकेने ‘बिलाच्या एक टक्का कचरा शुल्क’ असा ठराव केला, तर नाव शुल्काचे असूनही तो छुपा कर ठरण्याचा धोका आहे. याउलट बैठकीची क्षमता, जागेचे क्षेत्रफळ किंवा उचललेल्या कचऱ्याचे वजन यांवर बेतलेले शुल्क टिकण्यास सोपे आणि अधिक न्याय्यही ठरते. ज्याचा कचरा जास्त, त्याने जास्त द्यावे. कचरा वेगळा करणाऱ्याला सवलत मिळावी.

न्याय्यतेचा मुद्दा केवळ शाब्दिक नाही. जेवणावरील कर पर्यटक आणि स्थानिक असा भेद करत नाही. किनाऱ्यावर संध्याकाळ घालवणारा पाहुणा आणि म्हापशाच्या बाजारात दुपारी शीत-कडी खाणारा कारकून, दोघांच्याही बिलावर तो सारख्याच टक्क्याने बसेल. एक टक्का म्हणजे दोनशेच्या थाळीवर दोन रुपये, हे खरे. परंतु रोज बाहेर जेवणाऱ्याला महिन्याकाठी ते पन्नास-साठ रुपये होतात. शिवाय गोव्यातील किनारी पर्यटनाचा मोठा भाग नगरपालिकांच्या नव्हे, तर पंचायतींच्या हद्दीत आहे. नगरपालिकांनी कर लावला असता, तरी कळंगुट-कांदोळीतील जेवणे त्यातून सुटली असती आणि मडगाव, फोंडा, डिचोली येथील स्थानिक ग्राहकच प्रामुख्याने सापडला असता.

खरी मागणी कोणाकडे करायची?

थाळीवरचा कर आज वसूल होतच आहे. प्रश्न त्याच्या वाटपाचा आहे. त्यासाठी राज्यघटनेत व्यवस्था आहे. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमून राज्याच्या करांतील किती भाग पालिका आणि पंचायतींना द्यावा, याची शिफारस घ्यावी, असे २४३-आय आणि २४३-वाय हे अनुच्छेद सांगतात. ज्या हद्दीत पर्यटकांचा आणि उपाहारगृहांचा भार अधिक, त्या हद्दीला जादा वाटा, असे सूत्र या मार्गाने मागता येते. पालिकेने नव्या कराचा ठराव करण्याऐवजी हॉटेलांमुळे दररोज किती टन कचरा येतो, तो उचलण्यास किती खर्च होतो आणि शुल्कातून किती मिळते, हे आकडे मांडून ही मागणी केली, तर ती टाळणे सरकारला अवघड जाईल. सोनसोड्याचा कचरा वर्षानुवर्षे पाहिलेल्या मडगावकरांना या हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ग्राहकानेही आपले बिल एकदा नीट वाचावे. त्यातील केंद्रीय आणि राज्य जीएसटी हे कर आहेत. ‘सेवा आकार’ हा कर नव्हे. तो हॉटेलमालकाकडे जातो, सरकारकडे किंवा पालिकेकडे नाही, आणि तो सक्तीने घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही भूमिका उचलून धरली आहे. एकत्रित कर योजनेतील किंवा नोंदणी नसलेल्या हॉटेलाने बिलात जीएसटी लावला असेल, तर तोही बेकायदा ठरतो.

पुढच्या वेळी पालिकेच्या बैठकीत जेवणावरील कराचा विषय निघाला, तर नागरिकांनी आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारावेत. हॉटेलांकडून सध्या किती कचरा शुल्क येणे आहे आणि किती वसूल झाले? ते कोणत्या निकषावर ठरवले आहे? राज्य वित्त आयोगापुढे आपल्या पालिकेने कोणती मागणी मांडली? या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही.