तारेखालचं शिवार

राहाता तालुक्यात बाभळेश्वरच्या आसपास कुठंही मान वर करा, टॉवरच्या तारा दिसणारच. महापारेषणचं ४०० केव्हीचं सबस्टेशन इथं आहे; भुसावळ, पडघ्याकडच्या लाइनी इथं येऊन मिळतात. खाली ऊस, मका, पेरूच्या बागा. पावसाळी हवेत तारा करकरतात, तेव्हा नवखा माणूस दचकतो. तारेभोवतीच्या हवेत विजेची बारीक गळती होते, तिचा तो आवाज. ही गळती कमी व्हावी म्हणूनच एका फेजला एकाऐवजी दोन तारा शेजारीशेजारी ओढलेल्या असतात.

गावात प्रश्न मात्र वेगळाच विचारला जातो: या लाइनीखाली आयुष्य काढलं, तर शरीराला काही होतं का?

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे १०० वेळा दिशा बदलते. ४०० केव्हीच्या लाइनीखाली जमिनीलगत विद्युतक्षेत्र मीटरमागे काही हजार व्होल्ट असतं, फार तर १०,०००च्या घरात. आकडा भयंकर वाटतो. पण शरीर हे खारट पाण्याचं, वीज वाहून नेणारं. बाहेरचं क्षेत्र कातडीवरच बरंचसं अडतं. बाहेर १०,००० असले, तरी आत मीटरमागे एक व्होल्टही भरत नाही. हातापायाच्या नसा चाळवायला आत मीटरमागे साधारण ४ ते ६ व्होल्ट लागतात. शिवाय पेशीच्या पातळ पडद्यावर मुळातच सुमारे ७० मिलिव्होल्टचा दाब असतो. पडद्याची जाडी लक्षात घेतली, तर तिथलं क्षेत्र मीटरमागे कोटभर व्होल्टचं होतं; त्यापुढे बाहेरून शिरलेलं क्षेत्र किरकोळच.

आता त्याच तालुक्यात, जवळच्या लोणीत या. प्रवरा अभिमत विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय इथं आहे. फिजिओथेरपीत कंबरदुखी, गुडघेदुखीसाठी वापरतात ते टेन्सचं यंत्र तळहातावर मावतं. त्याचे विजेचे झटके सेकंदाला साधारण २ ते १५०, म्हणजे लाइनीच्या ५०च्याच टापूतले. तारेखाली उभं राहून कळत नाही, ते इथं का कळतं? कारण चिकटपट्ट्या कातडीला भिडतात आणि प्रवाह थेट आत जातो. मुंग्या येतात. स्पर्शाच्या नसा जाग्या झाल्या की दुखण्याचा निरोप मणक्यातच अडतो, ही कल्पना मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५मध्ये मांडली.

म्हणजे तारेत व्होल्ट किती, यापेक्षा शरीरात किती शिरतात हे महत्त्वाचं. चुंबकीय क्षेत्राची गोष्ट थोडी निराळी, ते शरीरातून आरपार जातं. २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या कमी वारंवारितेच्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरवलं. आधार होता लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी आकडेवारीत दिसलेला क्षीण संबंध. विद्युतक्षेत्राबद्दल असा शेरा मारण्याइतका पुरावा मिळाला नाही. कार्यकारण अजून सिद्ध झालेलं नाही, पण विषय मिटलाय असंही कुणी म्हणत नाही.

शेतकऱ्याला रोज भेटणारा धोका याहून साधा आहे. लाइनीला समांतर गेलेल्या तारेच्या कुंपणावर किंवा रबरी टायरवरच्या ट्रॅक्टरवर वीज साठते, हात लावला की चटका बसतो. कुंपण अर्थिंग केलं तर तो टळतो. स्प्रिंक्लरचा लांब अ‍ॅल्युमिनियम पाइप उभा धरला, तर मात्र गाठ थेट तारेशी. ४०० केव्हीच्या तारा जमिनीपासून कमीत कमी ८.८४ मीटर उंच ठेवतात, आणि विजेला टेकायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ती झेप घेते. पाचट पेटवलं तर ज्वाळा आणि धूर त्या झेपेला वाट करून देतात.

तेव्हा लाइनीखाली काम करताना छाती धडधडू देऊ नका. कुंपण अर्थ करा, पाइप आडवे न्या आणि तारेखाली पाचट पेटवू नका. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.