देवगडचा गृहकलह व परकी मध्यस्थी

देवगडचा राजा चांद सुलतान वारल्यावर वलीशहानें गादी बळकावली. तेव्हां विधवा राणी रतनकुंवर हिनें वऱ्हाडांतून रघूजी भोसल्यांस पाचारण केलें. त्यांनीं वलीशहाचा पाडाव करून राणीच्या पुत्रांस राज्य मिळवून दिलें व मोबदला घेऊन ते परतले. येथवर मध्यस्थी न्याय्यच म्हणावी लागेल. पुढें बंधूंत वैर माजलें. बुऱ्हाणशहाच्या साहाय्यास १७४३ त आलेले रघूजी मात्र नागपुरांतच राहिले. गोंड राजाकडे नांव व नेमणूक तेवढी उरली. आमचे लेखक यास संरक्षण म्हणतात. मग दुसरे रघूजी वारल्यावर दरबारीं दुही माजली असतां, १८१६ त आप्पासाहेब भोसल्यांनीं आपल्या बचावार्थ पत्करलेल्या कंपनीच्या तैनाती फौजेस निराळा न्याय कां लावावा? तीहि बोलावलेलीच होती. १८५४ त भोसल्यांचेंहि राज्य खालसा झालें.