डी ड्राइव्ह सगळ्यांचा

आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग पाडतो आणि निघताना एक सल्ला हमखास देतो: "विंडोज सीमध्ये राहू द्या, तुमचं काम डीमध्ये ठेवा." सल्ला अनुभवातून आलेला आहे. विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचा. डीमधलं काम वाचतं. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांपासून पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांपर्यंत मी जिथे मशीन दुरुस्तीला जातो, तिथे ही शिस्त पाळलेली दिसते. कामगारांच्या पगाराचा हिशेब डीमध्ये, बँकेचे कागद डीमध्ये, घरच्या लग्नाचे फोटोही डीमध्येच.

या सल्ल्याची दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं उघडलं, की सी ड्राइव्हवर त्याच्या नावाचा फोल्डर तयार होतो. त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे त्याला स्वतःला आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाच उघडता येतात. दुसरं साधं खातं तिथे गेलं तर परवानगी नसल्याचं उत्तर मिळतं. हा पहारा डी ड्राइव्हवर आपोआप बसत नाही. तिथे नव्यानं केलेला फोल्डर त्या मशीनवर खातं असलेला कुणीही सहसा वाचू शकतो, बदलू शकतो, पुसूनही टाकू शकतो.

एका चादर कारखान्याच्या ऑफिसात हे मी करूनच दाखवलं. एक मशीन, तीन खाती: दिवाणजींचं, मालकांचं आणि बिलं टाइप करायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलाचं. तिघांचे पासवर्ड वेगळे. दिवाणजी निर्धास्त होते. मी त्या मुलाच्या खात्यातून आत गेलो, डी उघडला, पगाराच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं. कोणत्या कामगारानं किती उचल घेतली, कुणाची किती फिटली, सगळ्यांचे बँक खाते क्रमांक, एकाखाली एक. दिवाणजी म्हणाले, "अहो, मग पासवर्ड कशाला दिला होता मला?" प्रश्न अगदी रास्त होता. पासवर्ड खात्याला होता; फाइल खात्याच्या बाहेर ठेवलेली होती. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी या भागात जाऊन मी वरून आलेल्या परवानग्या तोडल्या आणि दिवाणजी व मालक यांचीच नावं ठेवली. दहा मिनिटांचं काम.

कॉलेजांच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी बऱ्याचदा उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिथे हीच गोष्ट आकड्यांत लिहिलेली दिसते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ च्या सुमारास युनिक्स घडवायला घेतलं, आणि उबुंटूची परवानग्यांची रीत त्याच घराण्यातली आहे. प्रत्येक फाइलपुढे तीन हक्कदार: मालक, गट आणि इतर. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज करून प्रत्येकाला एक आकडा. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना लिहिणं सोडून सगळं. फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे आत शिरण्याचा हक्क. तोच काढून घेतला, तर आतल्या फाइलची परवानगी कितीही सैल असली तरी बाहेरच्याला तिथवर पोहोचताच येत नाही. मला ही रचना फार आवडते. वाड्याचा दिंडी दरवाजा लावला, की आतल्या खोल्यांच्या कड्या तपासत बसावं लागत नाही.

पण दरवाजा मुळात उघडा ठेवायचा की बंद, हे आपण मशीनसमोर बसण्याआधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. उबुंटूमध्ये नव्या वापरकर्त्याचा होम फोल्डर वर्षानुवर्षं ७५५ असायचा. शेजारच्या विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट, बायोडाटा, नोकरीचे अर्ज सहज वाचता येत. यावर वापरकर्त्यांची तक्रार २००६ पासून नोंदलेली होती. आपसांत फायली देणं-घेणं सोपं जावं, म्हणून तो मोकळेपणा ठेवला होता. अखेर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या २१.०४ या आवृत्तीत तो आकडा ७५० झाला आणि इतरांना दार बंद झालं. तेही नव्यानं टाकलेल्या उबुंटूवर. जुनं मशीन अपग्रेड करत पुढे आणलं असेल, तर आधीचे फोल्डर अजून उघडेच असू शकतात. होम फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या परमिशन्समध्ये 'अदर्स'पुढे 'नन' आहे का, ते एकदा बघावं. पंधरा वर्षं लोक ओरडत होते आणि बदल एका आकड्याचा होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

परवानग्यांची ही सगळी व्यवस्था एका ठिकाणी पूर्ण निकामी होते: जिथे सगळेच एका खात्यातून काम करतात. आपली सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, सायबर कॅफे. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात होते. महिना १५०० रुपयांची मदत, आणि त्यासाठी आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक यांच्या प्रती. विडी वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या बाया दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभ्या होत्या. त्या काळात मी ज्या केंद्रांची मशीनं दुरुस्त केली, तिथे डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये आधार कार्डांचे स्कॅन पडलेले असायचे, फाइलला बाईचंच नाव. केंद्र चालवणारी पोरं प्रामाणिक होती. सकाळपासून जेवायला उठलेली नसायची. पण त्याच खुर्चीवर नंतर कुणीही बसत होतं. पेन ड्राइव्हवर तर आणखी अवघड: तो बहुधा ज्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, तिच्यात मालक आणि इतर हा भेदच नसतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क त्या रांगेतल्या बाईचाही आहे, आणि तिला उबुंटू किंवा सिक्युरिटी टॅब ठाऊक असण्याची अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. हे काम मशीनच्या मालकाचं आहे. काम करणाऱ्या प्रत्येकाला वेगळं खातं द्यावं, रोजच्या वापराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं. अर्ज गेला की स्कॅन लगेच पुसावा, दुकान बंद करताना डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे करावेत.

आणि तुम्ही काउंटरच्या अलीकडे असाल, तर पावती घेऊन लगेच निघू नका. शक्य तिथे आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्या. मग केंद्रातल्या दादांना किंवा ताईंना सांगा: माझी फाइल माझ्यासमोर शिफ्ट धरून डिलीट करा. स्क्रीनवरून नाव जाईपर्यंत तिथेच थांबा.