माथ्यावरचे रकाने

औराद नावाची दोन गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. एक बीदर जिल्ह्यातले तालुक्याचे औराद, अमरेश्वराचे. दुसरे लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातले औराद शहाजानी. आज पहिले कर्नाटकात आहे, दुसरे महाराष्ट्रात. पण १९५६ पर्यंत निलंगा तालुकाही बीदर जिल्ह्यातच होता आणि बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात. त्या काळच्या एखाद्या कागदावर नुसते 'औराद, जिल्हा बीदर' असे सापडले, तर ते औराद कोणते हे कागद आपण होऊन सांगत नाही. तालुक्याचा रकाना असेल तरच उलगडा होतो.

तालुक्याची गावे, जत्रा, जनावरे, जुने कागद आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एका साइटवर नीट मांडायच्या ठरवल्या, तर रकाने कोणते असावेत? हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचे उत्तर गावाला ओळखणाऱ्या माणसाकडेच असते. यंत्र फक्त ते पाळते. म्हणून आधी यंत्राची ओळख करून घेऊ.

मार्कडाउन ही साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडली. आरॉन स्वार्ट्झ त्यांच्या सोबतीला होते. मथळ्याआधी हॅशची खूण, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ, एवढ्यावर काम चालते. हा मजकूर कोणत्या गावाचा, कधीचा, कोणी सांगितलेला, हे लिहायला मात्र त्यात जागा नव्हती. ती जागा २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या जेकिल या साइट बनवणाऱ्या प्रोग्रॅमने करून दिली. फाइलीच्या अगदी वर तीन डॅश, त्याखाली एकेका ओळीत रकान्याचे नाव, कोलन आणि उत्तर, मग पुन्हा तीन डॅश, आणि त्याखाली लेख. या भागाला फ्रंट मॅटर म्हणतात. मी त्याला पानाचा माथा म्हणेन. पुढे २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया यांनी गो भाषेत ह्यूगो लिहिले आणि हाच माथा तिथेही आला. ह्यूगो म्हणजे एकच प्रोग्रॅम. त्याला डेटाबेस लागत नाही. तो फाइली वाचतो आणि तयार पाने काढून ठेवतो. जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेट नसतानाही तो चालतो, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी कामाला मला तोच पसंत आहे.

ह्यूगोत पानाचा प्रकार बहुधा फोल्डरवरून ठरतो. गावांच्या फोल्डरातली फाइल 'गाव' या प्रकाराची, जत्रांच्या फोल्डरातली 'जत्रा' या प्रकाराची. प्रत्येक प्रकाराला आपले टेम्पलेट देता येते, त्यामुळे गावाचे पान एका ढंगाने दिसते आणि कागदाचे दुसऱ्या. शिवाय आर्चटाइप नावाची सोय आहे: प्रकाराचा कोरा नमुना एकदा करून ठेवायचा, मग नवे पान काढण्याचा हुकूम दिला की सगळे रिकामे रकाने मांडलेली फाइल समोर येते. पहाणीचा उतारा हाताळलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. सर्व्हे नंबर, खातेदार, पीक यांच्या जागा छापलेल्या असतात, आपण भरायचे.

पण पहाणीचे रकाने सरकारने ठरवले. इथे ते आपण ठरवायचे आहेत, आणि पहिल्याच रकान्याला गाडी अडते.

'राज्य' हा रकाना घ्या. औरादच्या पानावर 'कर्नाटक' लिहून मोकळे होता येईल? १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली तेव्हा औराद हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले. त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झाले. जिल्ह्याचे तुकडे १९५६ लाच झाले: अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आले, तिथून १९८२ मध्ये लातूर जिल्हा निघाला. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, ते आता तेलंगणात आहेत. कमलनगर काल-परवापर्यंत औराद तालुक्यात होते, आता ते स्वतःच तालुका आहे. शेजारचा गुलबर्गा जिल्हा २०१४ पासून कलबुर्गी म्हणून लिहिला जातो. या भागात ज्या रकान्यात एकच उत्तर मावते, तो रकाना खोटे बोलतो. म्हणून 'राज्य', 'जिल्हा', 'तालुका' हे तिन्ही रकाने यादीचे हवेत, आणि यादीतल्या प्रत्येक नोंदीला 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन उपरकाने हवेत. माथ्यावरची भाषा, म्हणजे यॅमल, हे सहज करू देते: डॅश देऊन एकाखाली एक नोंदी, त्यांच्या पोटात थोडी जागा सोडून उपरकाने. उद्या पुन्हा हद्द बदलली तर जुनी ओळ पुसायची नाही, तिला 'पर्यंत' लावायचे आणि खाली नवी ओळ जोडायची.

भाषेचेही तसेच. औरादेत घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी किंवा तेलुगू, तांड्यावर लंबाणी, हे एका माणसाच्या एका दिवसात घडते. 'मातृभाषा' असा एकच शब्द मागणारा नमुना इथल्या माणसाला निवड करायला लावतो, आणि ती निवड करायला लावण्याचा हक्क साइट बनवणाऱ्याला नाही. आठवणीच्या पानावर मी 'सांगण्याची भाषा' हा यादीचा रकाना ठेवेन. जात हा रकाना ठेवणार नाही. आठवणीच्या ओघात सांगणाऱ्याने ती सांगितली तर ती त्याच्या शब्दांत लेखात राहील. पण गाळणी लावून जातवार याद्या निघतील अशी सोय आपल्या हाताने करू नये.

सगळ्यात जपून करायचा प्रकार म्हणजे 'कागद'. निजामीच्या उत्तरकाळातले महसुली कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, घरगुती हिशेब मोडीत, नंतरचे कन्नडमध्ये. म्हणून भाषा आणि लिपी हे वेगळे रकाने, कारण मोडी ही लिपी आहे आणि त्यातली भाषा मराठी. तारखेचे दोन रकाने: एक 'कागदावरची तारीख', जशी लिहिली आहे तशी, निव्वळ मजकूर म्हणून, दुसरा 'इसवी तारीख', यंत्राला कळणारी. निजामीच्या अखेरच्या काळात महसुली हिशेबाचे फसली साल ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत फसलीत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ५९१. महिना वाचता आला नाही तर इसवी सन एका वर्षाने हुकू शकतो. अशा वेळी 'अंदाजे' असा हो-नाहीचा तिसरा रकाना लागतो. मूळ तारीख पुसून फक्त रूपांतर ठेवणे हा कागदावर अन्याय आहे.

जत्रेला तर तारीखच नसते, तिथी असते. बीदरजवळच्या अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशहा वली याचा उरूस भरतो, तोही हिजरी तारखेने नव्हे, होळीनंतरच्या दिवसांत हिंदू पंचांगाने. 'जत्रा' प्रकारात म्हणून 'पंचांग', 'महिना', 'तिथी' आणि 'यंदाची तारीख' असे चार रकाने. शेवटचा तेवढा दरवर्षी बदलायचा.

देवणी जातीच्या जनावरांचा प्रकार सोपा आहे, कारण गवळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी त्याची वर्गवारी आधीच करून ठेवली आहे. पांढरे अंग आणि चेहऱ्याच्या बाजू काळ्या तो वानेरा. पांढराशुभ्र, खालच्या अंगाला काळे ठिपके तो बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. इथे मोकळा मजकूर नको, या तीनांतलेच एक उत्तर हवे.

असे बंधन ह्यूगो स्वतः घालत नाही. 'तालुका'ऐवजी कोणी 'तालूका' लिहिले तर तो तक्रार न करता पानावरची जागा रिकामी सोडतो. ॲस्ट्रो या नव्या साधनात २०२३ पासून प्रकाराचा साचा आधी लिहून देता येतो, आणि चुकीचा किंवा गाळलेला रकाना दिसला की पान तयारच होत नाही. चार-पाच हातांनी भरायच्या साइटला हा कडकपणा उपयोगाचा आहे.

मराठीत माथा भरताना काही खोडी हटकून निघतात. विसर्गाऐवजी कोलन टंकायची आपली सवय इथे नडते: मथळ्यात 'स्वत:' कोलनने लिहून पुढे जागा सोडली की यंत्राला वाटते नवा रकाना सुरू झाला, आणि ते थांबते. खरा विसर्ग टंकावा किंवा सगळे उत्तर अवतरणात घालावे. देवनागरीत लिहिलेले १९५६ हे यॅमलच्या लेखी संख्या नसून मजकूर असते. काही पानांवर देवनागरी आणि काहींवर इंग्रजी आकडे पडले तर सालवार क्रम विस्कटतो. म्हणून माथ्यावर इंग्रजी आकडे, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. वाचकाला दिसताना ते देवनागरीत करून देणे हे टेम्पलेटचे काम.

रकान्यांची नावे मराठीत ठेवायची इच्छा होते आणि यॅमलला त्याचे वावडे नाही. अडचण पुढे येते. ह्यूगोच्या टेम्पलेटात रकान्याचे नाव टिंबानंतर थेट लिहितात, आणि तिथे अक्षर, अंक किंवा खालची रेघ एवढेच चालते. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरे नाहीत, जोडचिन्हे आहेत. त्यामुळे 'घर' हे नाव चालते आणि 'गाव' अडते. वळसा घालून, नाव अवतरणात देऊन ते मागता येते. आपल्या लिपीला असा वळसा घ्यावा लागतो याचे मला मनापासून वाईट वाटते, पण रोजच्या कामाला आतली नावे रोमन ठेवून वाचकासमोर मराठी मथळे दाखवणे बरे.

शेवटचा रकाना मी प्रत्येक प्रकारात घालेन: 'विचारले का'. रिकामा रकाना आणि 'विचारले, कोणालाच माहीत नाही' हे उत्तर एकच नव्हे. गावाच्या पानावर जुन्या विहिरीचे साल रिकामे असेल तर अजून कोणी तिथे गेलेले नाही. उत्तर 'माहीत नाही' असेल तर गेलेल्या माणसाने चार घरी चौकशी केली आहे. हा फरक माथ्यावर लिहिलेला असला की ह्यूगोकडून एक वेगळे पान काढून घेता येते: अजून विचारायच्या राहिलेल्या गोष्टी, गाववार. ते छापून पिशवीत टाकावे, आणि ज्या गावात सांगणारी माणसे सगळ्यात म्हातारी आहेत तिथे आधी जावे.