संधिवात : अंगावर काढायचे दुखणे नव्हे

सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही. भाकरीचे पीठ मळताना मनगट धरते, तवा उतरवायला दोन्ही हात लागतात. तासाभराने बोटे जरा मोकळी होतात आणि मग कुणाला काही सांगावेसे वाटत नाही. चाकूर तालुक्यात ऐन सोयाबीनच्या काढणीत दवाखाना गाठायचा म्हणजे एका दिवसाचा रोज बुडतो. त्यामुळे ‘वात आहे’ म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. ‘लई सोशीक आहे’ असे घरचे कौतुकाने म्हणतात. घात होतो तो याच कौतुकात.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. उतारवयातल्या गुडघ्यांच्या झिजेपेक्षा हा आजार वेगळा. तो बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुप्पट-तिप्पट गाठतो. दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सारखीच सुजतात, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो. सोबत थकवा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘काम टाळते’ हा शेराही बाईलाच ऐकावा लागतो.

हा शहरी आजार आहे, असेही कुणी समजू नये. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये भिगवण या गावी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यात सुमारे अर्धा टक्का लोकांना हा संधिवात आढळला. हेच प्रमाण धरले, तर दोन हजार प्रौढांच्या गावात दहा रुग्ण निघतील. त्यातले उपचार घेणारे किती, हे गावानेच मोजून पाहावे.

सांध्यांचे कायमचे नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. एकदा बोटे वाकडी झाली की औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून सूज सहा आठवड्यांवर राहिली तर थांबू नये.

यावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते जुने आणि स्वस्त आहे, पण आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतू शकते. गावाच्या आठवडी बाजाराचा वार गोळीसाठी ठरवला, तर विसर पडत नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी घ्यावी. ठरलेल्या मुदतीत रक्त आणि यकृताची तपासणी करावी. मूल हवे असेल तर आधी सांगावे. हे औषध गर्भाला घातक असल्याने ते काही महिने अगोदर बंद करावे लागते.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात बाया औषध सोडतात. मग कुणीतरी एखादी पुडी किंवा सुई सुचवतो आणि दुसऱ्या दिवशी दुखणे गायब! अशा झटपट गुणामागे बहुतेकदा स्टेरॉइड असते. महिन्या-दोन महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. आजार मात्र आतून चालूच राहतो.

ज्या बाया या आजारासोबत वर्षानुवर्षे नीट जगतात, त्या सोसून नाही, तर काम बदलून जगतात. पहाटे हात कोमट पाण्यात बुडवायचे. विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे बोटे कमी आवळावी लागतात. मोठ्या घागरीऐवजी दोन लहान कळश्या भरायच्या. धुणे न पिळता निथळत घालायचे. आणि सर्वांत अवघड म्हणजे, सकाळचा पहिला तास नवऱ्याला किंवा मुलाला चुलीपाशी बसवायचे.

चाकूरहून लातूर पस्तीसेक किलोमीटर. तिथल्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या मेडिसिन विभागात जाताना जुने रिपोर्ट आणि आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. पुडी घेतली असेल तर तीही न लपवता दाखवावी.