आधी पुऱ्या लाटून बघा!

पटकथालेखनाच्या कार्यशाळांना हल्ली बायकांची चांगली हजेरी असते. 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४)ची कथा मधुगंधा कुलकर्णी यांची, 'झिम्मा' (२०२१) इरावती कर्णिक यांनी लिहिलेला... श्रेयनामावलीत अशी नावं वाचली की 'आपणही लिहून बघावं' असं वाटणारच. अशा कार्यशाळांत मी अधूनमधून शिकवायला जाते. कुणी बँकेतून थेट आलेली असते, कुणी नातवाला शेजारी ठेवून. कथाबीज, पात्रं, संघर्ष असं सगळं सांगून माझा घसा कोरडा होतो आणि 'काही विचारायचंय?' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : 'मॅडम, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?'

काही जाणती मंडळी या प्रश्नाला हसतात. 'कागद-पेन घे आणि लिहायला लाग' म्हणतात. मला मात्र हा प्रश्न मोलाचा वाटतो. एक तर त्यात पैशाचा सवाल असतो. घरात मुलांच्या क्लासला, गाडीच्या हप्त्याला पैसे बिनबोभाट निघतात. 'माझ्या लिहिण्यासाठी' म्हणून बाई पहिल्यांदाच खर्च करणार असते, तोही डॉलरमध्ये छापलेल्या किमतीचा. आणि दुसरं म्हणजे, आपलं लिहिलेलं दहा वर्षांनी वाचता येईल का आणि ते कुणाच्या हातात असेल, हेही या निवडीवर बरंचसं ठरतं.

आधी हे प्रकरण आहे तरी काय ते बघू. पटकथेचं पान कथेच्या पानासारखं नसतं. दृश्याचा क्रमांक, ते घरात घडतं की बाहेर, जागा कोणती, वेळ कुठली, हे वरच्या ओळीत. खाली वर्णन. मग पानाच्या मधोमध पात्राचं नाव आणि त्याखाली दोन्ही बाजूंना जागा सोडून संवाद. पटकथेचं सॉफ्टवेअर ही मांडणी आपसूक करतं. एंटर मारला की पुढची ओळ वर्णनाची, टॅब दाबला की पात्राच्या नावाची. 'सु' टाइप केलं की 'सुमन' समोर हजर. शिवाय दिग्दर्शकानं मधलं एक दृश्य उडवलं तरी बाकीच्यांचे क्रमांक न हलवता ते गाळता येतं, आणि एखादं पात्र किती दृश्यांत आहे याची यादी एका क्लिकवर निघते. निर्मिती सांभाळणाऱ्यांना या यादीचं फार अप्रूप. नटाच्या तारखा त्यावरच तर लागतात!

'फायनल ड्राफ्ट' हे यातलं जुनं आणि मोठं नाव. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या आरंभी ते आलं आणि हॉलिवूडची सवयच होऊन बसलं. 'सेल्टेक्स' हे कॅनडातलं. सुरुवातीला संगणकावर फुकट उतरवून घेता यायचं, म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं ते फार लाडकं होतं. पुढे ते इंटरनेटवर गेलं आणि वर्गणीचं झालं. 'फेड इन' एकदाच पैसे भरून मिळतं. 'रायटरड्युएट'वर दोघींना दोन गावांत बसून एकाच वेळी एकाच पटकथेवर काम करता येतं. बहुतेकांची चाचणीची आवृत्ती फुकट मिळते, हे लक्षात ठेवा. त्याचा उपयोग पुढे सांगते.

आता खरी मेख. ही सगळी हत्यारं इंग्रजीसाठी घडवलेली आहेत. इंग्रजी पटकथेत पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांत लिहितात. आपल्या देवनागरीत कॅपिटल अक्षरं आहेतच कुठे? २०१२ साली जॉन ऑगस्ट, स्टू माश्विट्झ या मंडळींनी 'फाउंटन' नावाची एक साधी पद्धत काढली. कुठल्याही साध्या लेखन-फाइलमध्ये लिहा, सॉफ्टवेअर मांडणी ओळखून घेईल. कल्पना सुरेख, फुकट आणि टिकाऊ. पण ती पात्राचं नाव ओळखते कॅपिटल अक्षरांवरून! मराठीत लिहिताना प्रत्येक नावाआधी '@' ही खूण आणि प्रत्येक दृश्याच्या ओळीआधी टिंब द्यावं लागतं. एकदा हाताला वळण पडलं की जमतं. पण हे आधी कुणी सांगितलं नाही, तर 'मराठीत चालतच नाही' म्हणून बाई सोडून देते.

दुसरी गोष्ट मिनिटांची. 'एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट' हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. तो १२ पॉइंटच्या 'कुरिअर' या टंकाचा हिशेब. त्यात प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं असतं. त्या टंकात देवनागरी नाही, म्हणून सॉफ्टवेअर संगणकातला दुसराच एखादा मराठी टंक उचलतं. आपलं जोडाक्षर रुंद, काना बारीक, वर-खाली मात्रा-उकार. पान कधी चाळीस सेकंदांत संपतं, कधी दीड मिनिट चालतं. म्हणून मराठी दृश्याची लांबी मोजायची तर मोबाइलचं घड्याळ लावून मोठ्यानं वाचायचं. त्याहून भरवशाचं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून विकत घेण्याआधी चाचणीच्या आवृत्तीत एक छोटं दृश्य टाइप करून बघा. मी सगळ्यांना हे देते :

दृश्य ७. आत. स्वयंपाकघर. रात्र.
ओट्यावर पुऱ्यांचं पीठ. ॲडव्होकेट ज्ञानदा काळा कोट घालूनच दारात उभी. क्षणभर थांबते.
आजी : कोर्टात दुसऱ्यांचे संसार सावरतेस ना? मग इथं पुऱ्या लाट!

यात 'पुऱ्या' आणि 'दुसऱ्यांचे' मुद्दाम आहेत. काही ठिकाणी 'ऱ्या'चा रफार होऊन बसतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत मराठी माणसाला केवढा फरक आहे! 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या टंकांत त्याच्या जागी नुसती चौकट दिसते. 'क्ष', 'ज्ञ' फुटतात का, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते का, तेही बघा. मग या दृश्याची पीडीएफ काढा आणि तीन वेगवेगळ्या फोनवर पाठवून उघडायला सांगा. कारण तुमचा नट सेटवर मेकअप करून घेता घेता फोनवरच वाचणार असतो. शेवटी ते दृश्य सॉफ्टवेअरमधून साध्या फाइलमध्ये बाहेर काढून बघा. मराठी शाबूत बाहेर आलं तरच पुढचं बोलायचं.

बाहेर येण्यावर मी एवढा भर का देते? माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ लेखिकेनं २००३ ते २००५ या काळात रोजच्या मालिकेचे संवाद लिहिले. रात्री सगळी निजली की जेवणाच्या टेबलावर संगणक सुरू व्हायचा. त्या वेळी मराठी टंक असे असायचे की आत साठवलं जाई इंग्रजी अक्षर आणि पडद्यावर दिसे त्या जागी बसवलेला मराठी आकार. टंक आहे तोवर सगळं मराठी. टंक गेला की उरतात टोप्या घातलेले इंग्रजी स्वर. तिचा तो संगणक गेला, टंक चालवायची छोटी किल्ली घर बदलताना हरवली. परवा-परवा एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीला मालिकांमधल्या सासवांवर लिहायचं होतं, म्हणून तिनं ते भाग मागितले. तीनशेच्या वर भाग. रूपांतर करणारी साधनं वापरून आणि एकेक ओळ हातानं सुधारून चाळीसेक भाग वाचता आले. बाकीचे तसेच आहेत, फाइली उघडतात पण बोलत नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे टंक बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. तेव्हा आज कुणी 'आमच्या ऑफिसात अमुक जुनाच फॉण्ट चालतो' म्हणालं, तर त्यांना हवं ते द्या, पण आपली प्रत युनिकोडमध्येच ठेवा.

दुसरा धोका नवा आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला मालिकेचं काम मिळालं. कंपनीनं स्वतःच्या खात्यावरून ऑनलाइन फाइल उघडून दिली, 'इथंच लिहा' म्हणून सांगितलं. सोय छान, कथा लिहिणारा, पटकथा लिहिणारा आणि ही संवाद लिहिणारी, तिघंही एकाच फाइलवर. सात महिन्यांनी काम थांबलं आणि त्याच संध्याकाळी फाइलीचं दारही बंद झालं. शेवटच्या भागांचे पैसे यायचे होते. 'तुम्ही नेमकं किती लिहिलंत?' असं विचारल्यावर दाखवायला तिच्याजवळ एक ओळ नव्हती. लिहिलेलं तिनं, रात्री जागल्या तिनं, आणि पुरावा दुसऱ्याच्या कपाटात!

तेव्हा मैत्रिणींनो, फाइल आपल्या खात्यावर उघडायची आणि समोरच्याला वाचायची किंवा सुधारायची परवानगी द्यायची. तसं चालणार नसेल, तर रोज काम संपलं की प्रत उतरवून घ्यायची आणि पीडीएफ तारखेसह मेलनं पाठवायची. चित्रपटाची पूर्ण पटकथा असेल तर कुणाला ऐकवण्याआधी तिची नोंदणी करावी. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजे पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, आपल्या सभासदांसाठी हे काम ऑनलाइन करते. लेखनाचा हक्क कायद्यानं लिहिताक्षणीच आपला होतो, पण वाद झालाच तर तारीख असलेला कागद कामाला येतो.

आता घ्यायचं काय? मराठी मालिकेचे संवाद लिहिणार असाल, तर सहसा कुणी 'फायनल ड्राफ्ट'ची फाइल मागत नाही. वर्ड असेल तर वर्ड, नाहीतर 'लिब्रेऑफिस रायटर' फुकट आहे, आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. त्यात दृश्य, वर्णन, पात्र, संवाद अशा चार स्टाइल बनवा आणि प्रत्येकीला 'हिच्यानंतर कोणती' हे नेमून द्या. म्हणजे पात्राच्या नावानंतर एंटर मारला की पुढची ओळ संवादाचीच. अर्ध्या तासाचं काम, एकदाच करायचं. पात्राचं नाव ठळक करून टाका, कॅपिटलची उणीव भरून निघते. माहितीपट लिहिणार असाल तर दोन रकान्यांचा तक्ता पुरतो. डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. दोघीजणी मिळून लिहीत असाल तर 'गूगल डॉक्स' बरं. त्यात मराठीत बोलून लिहिताही येतं. गूगलनं ही सोय २०१७ साली मराठीला दिली. विरामचिन्हं मागाहून हातानं घालावी लागतात, पण कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सुचलेला संवाद हातचा जात नाही, हे काय कमी आहे?

हिंदी चित्रपटाचं किंवा वेब मालिकेचं काम मिळालं तर मात्र चित्र बदलतं. तिथं वर्णन बऱ्याचदा इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीत लिहिले जातात. अशा वेळी पटकथेचं खास सॉफ्टवेअर खरोखर कामाचं ठरतं. समोरची कंपनी काय वापरते ते विचारा आणि त्या कामाचा मोबदला हातात पडला की त्यातून घ्या. तोवर चाचणीची आवृत्ती आहेच. दुसरं काही स्वस्तातलं घेतलंत, तर 'फायनल ड्राफ्ट'ची एफडीएक्स फाइल त्यात उघडते का आणि काढता येते का, एवढं नक्की तपासा.

पहिलीच पटकथा असेल, तर सॉफ्टवेअरवर एक पैसाही खर्च करू नका, असं मी स्पष्ट सांगते. त्या पैशात एक चांगलीशी खुर्ची घ्या. पाठ वाचेल, आणि त्या खुर्चीत बसलेल्या बाईला 'जरा उठतेस का?' म्हणताना घरातलेही दोनदा विचार करतील.

जाता जाता त्या चाचणीच्या दृश्याबद्दल. मागच्या एका कार्यशाळेत ते सगळ्यांना घरी करायला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी बहुतेकींनी 'ऱ्या फुटला', 'फोनवर चौकटी दिसल्या' अशा तक्रारी आणल्या. मागच्या बाकावरची एक बाई मात्र म्हणाली, 'माझं सगळं नीट उमटलं. पण मॅडम, त्या ज्ञानदाचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नव्हतं, म्हणून मी लिहून आणलंय.' चार पानं होती. ज्ञानदा कोट काढून खुंटीला लावते, लाटणं उचलते, आणि आजीकडून नातसुनेच्या फीसंबंधी एक फार अवघड प्रश्न येतो. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं होतं, हे विचारायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. सगळ्यांना पाचवं पान हवं होतं.